शेजारच्या भाषेला शिक्षक नाही म्हणून

मराठीच्या एम.ए.ला तौलनिक साहित्याभ्यास ही अभ्यासपत्रिका बहुतेक विद्यापीठांत या ना त्या रूपाने आहे. तिची उत्तरे तपासताना एक गोष्ट सतत जाणवते: तुलना दोन साहित्यांची असते, अवगत भाषा मात्र एकच. बसवण्णा आणि अक्कमहादेवी यांची वचने आपल्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतात ती ए. के. रामानुजन यांच्या १९७३च्या 'स्पीकिंग ऑफ शिवा' या इंग्रजी अनुवादातून, किंवा बरेचदा त्यावर बेतलेल्या टिपणांतून. रामानुजनांचे काम थोरच आहे. पण जत-अक्कलकोटच्या बाजारात ज्या भाषेत आजही घासाघीस चालते, त्या भाषेतली कविता लातूरच्या विद्यार्थ्याने शिकागोमार्गे वाचावी, यात काहीतरी चुकते आहे. मन्मथस्वामींचे 'परमरहस्य' आणि कन्नड वचने यांच्यावर शोधनिबंध लिहू पाहणारा विद्यार्थी कन्नड शिकायचे कुठे असे विचारतो, तेव्हा आपण त्याला विषय बदलायला सुचवतो. सगळे प्रकरण तिथेच मिटते.

कारण नेहमीचे असते. शिक्षक नाही, वर्गाला पुरेशी संख्या नाही, वेळापत्रकात जागा नाही. ही तिन्ही कारणे खरी आहेत. पण त्यांवर उपाय नाही, हे खरे नाही.

अमेरिकेतील लहान महाविद्यालयांपुढे हीच अडचण होती. स्वाहिली किंवा बंगाली शिकू इच्छिणारे दोन-तीन विद्यार्थी, आणि त्यांच्यासाठी पूर्णवेळ प्राध्यापक नेमणे अशक्य. तिथे क्वचित शिकवल्या जाणाऱ्या भाषांसाठी मार्गदर्शित स्वाध्ययनाची पद्धत रुजली. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅमहर्स्ट परिसरातील पाच शिक्षणसंस्थांनी मिळून अशी व्यवस्था चालवली आहे. विद्यार्थी ठरलेले पुस्तक आणि ध्वनिफिती घेऊन रोज स्वतः अभ्यास करतो, आठवड्याला ठराविक वेळ त्या भाषेच्या भाषकाशी बोलतो, आणि सत्राअखेर बाहेरून आलेला जाणकार त्याची तोंडी परीक्षा घेतो. भाषक व्याकरण शिकवत नाही, फक्त बोलतो आणि बोलायला लावतो. परीक्षक त्याला ओळखत नाही, म्हणून गुणांना किंमत राहते.

तिकडच्या यादीत मराठीही याच वर्गात मोडते. मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून निघाले, ते परक्या विद्यार्थ्याला मराठी शिकता यावी म्हणून. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' २०११ साली इंग्रजीत आणणाऱ्या अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीच. त्या ग्रंथात ढेरे विठ्ठलाचा माग काढत कन्नड आणि तेलुगू प्रदेशांत शिरतात. आपला एम.ए.चा विद्यार्थी मात्र त्या पानांपाशी अडतो.

आपल्याकडे स्वाध्ययनाची परंपरा नाही असेही नाही; ती महाविद्यालयाबाहेर वाढली, इतकेच. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळकडे वळले आणि पुढे 'कुरळ' मराठीत आले. सेतुमाधवराव पगडी निझाम राज्यातील नोकरीत आदिलाबादकडे असताना गोंडी आणि कोलामी शिकले व त्यांची व्याकरणे लिहून गेले. सर्वांत बोलके उदाहरण उमा कुलकर्णी यांचे. भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठी वाचकाला त्यांच्यामुळे मिळाल्या. पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड वाचून दाखवत आणि त्या ते कानाने घेऊन मराठीत उतरवत. अमेरिकन महाविद्यालयांनी जी पद्धत नियमावलीत बसवली, ती पुण्यातल्या एका घरात अशी आपोआप उभी राहिली होती. अर्थात सर्वांना घरातच भाषक लाभत नाही. तो मिळवून देणे हेच महाविद्यालयाचे काम.

आणि भाषक दुर्मीळ नाहीत. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड दोन्ही रस्त्यावर ऐकू येतात. स्वतः मराठी मातृभाषा असलेले द. रा. बेंद्रे याच शहरातील महाविद्यालयात १९४४ ते १९५६ या काळात कन्नडचे प्राध्यापक होते. सिरोंच्यात तेलुगू आहे, नंदुरबारकडे गुजराती. साधनांचीही वाण नाही. किट्टेल यांचा १८९४चा कन्नड कोश महाजालावर मोफत मिळतो. लिपी वेगळी दिसली तरी वर्णमालेचा क्रम आपलाच आहे.

या अभ्यासाचा खरा लाभ मराठीलाच होतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. 'अडकित्ता' या शब्दातील 'अडके' म्हणजे कन्नडमधली सुपारी, हे सांगता येते. पण 'येतो म्हणून सांगितले' ही वाक्यरचना आपण वर्गात समजावतो ती कशाच्या आधारे? कन्नड माणूस 'बर्तीनि अंत हेळिद' म्हणतो, तिथे 'म्हणून'च्या जागी नेमके 'अंत' बसते. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीत नाही. तेलुगूत मात्र 'मनमु' आणि 'मेमु' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी मराठीच्या घडणीत द्राविड भाषकांचा वाटा किती, हा प्रश्न १९७१ साली मांडला. आपण तो परिच्छेद पाठ करून घेतो. ज्याने दोन महिने कन्नड ऐकली आहे, त्याच्याशी त्या मताचा निदान वाद तरी घालता येतो. यंत्र आता मोबाईलवर अनुवाद करून देते, हे खरे. पण अर्थ हाती येऊनही ही घडण त्यात दिसत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप आपल्याच सहकाऱ्यांकडून येईल, आणि तो रास्त आहे. भाषाविभागांचा कार्यभार आधीच आक्रसला आहे, जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात किंवा भरल्याच जात नाहीत. 'विद्यार्थी स्वतःच शिकतो' असे एकदा कागदावर आले की उद्या संस्कृत, पाली, उर्दूचे पदही त्याच कारणाने गोठवले जाईल. म्हणून नियम असा हवा: जिथे त्या भाषेचा विभाग वा शिक्षक आहे, तिथे स्वाध्ययनाची मुभा नाही. तसेच संभाषणासाठी येणाऱ्या भाषकाला मानधन असलेच पाहिजे. ओळखीतल्या कुणाला तरी चहावर बोलावून ही व्यवस्था चालवली, तर ती एका सत्रात बंद पडेल आणि पडावीच.

श्रेयांकांचे गणित सोपे आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे तीस तासांचे काम धरले आहे. रोज एक तास अभ्यास आणि आठवड्याला एक तास संभाषण, असे पंधरा आठवडे केले की १२० तास, म्हणजे चार श्रेयांक. तेवढ्यात कुणी भैरप्पा मुळातून वाचणार नाही. बाराव्या शतकातील कन्नडही आजच्या बोलीहून निराळी आहे. लिपी, साधे संभाषण आणि कोश हाताशी घेऊन दहा-बारा वचनांचे अर्थग्रहण, एवढीच अपेक्षा ठेवावी. पुढच्या सत्रातील संशोधन प्रकल्प त्याच वचनांवर असावा, म्हणजे शिकलेले वाया जात नाही.

अभ्यास मंडळापुढे ठेवायचा प्रस्ताव दोन पानांत मावतो: भाषा, पुस्तक, भाषकाचे मानधन, बाह्य परीक्षक. परीक्षक शेजारच्या राज्यातील विद्यापीठाचा असावा आणि परीक्षा दूरदृश्य पद्धतीने अर्ध्या तासात घ्यावी. विद्यार्थ्याने अभ्यासलेली दोन वचने मोठ्याने वाचावीत, रामानुजनांच्या इंग्रजीत काय राहून गेले ते सांगावे, आणि परीक्षकाच्या चार साध्या प्रश्नांना कन्नडमध्ये उत्तरे द्यावीत, अडखळत का होईना.