पोटातल्या बाळाची किडनी आणि माळ्यावरची फाईल

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी करून आलेल्या बाईला घरचे विचारतात, "बाळ बरं आहे ना?" ती म्हणते, "हो म्हणाले." रिपोर्टात काय लिहिलंय ते तिला कोणी सांगितलेलं नसतं. इंग्रजी कागद फाईलीत जातो, बाळंतपण झालं की फाईल माळ्यावर. आमचं भांडण त्या माळ्यावरच्या फाईलीशी आहे.

१८ ते २० आठवड्यांच्या या तपासणीत बाळाच्या दोन्ही किडन्या, लघवीची पिशवी आणि गर्भजल पाहतात. गर्भजलाचा किडनीशी काय संबंध, असं आयाबाया विचारतात. चौथ्या महिन्यानंतर पोटातलं पाणी म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच. त्या पाण्यावर बाळाची फुप्फुसं वाढतात. म्हणून पाणी फार कमी सांगितलं तर मोठ्या रुग्णालयात जायला उशीर नको.

जास्त वेळा ऐकू येते ती 'किडनीला सूज'. लघवी साठून किडनीतली पोकळी रुंदावते, तिला हे नाव पडलंय. २८ आठवड्यांपर्यंत ४ मिलिमीटर, पुढे ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर नोंद होते. थोडीशी रुंदी बहुतेक बाळांत आपोआप जाते. तेवढ्यासाठी रडू नका, आणि शेजारणीने गर्भपाताचं सुचवलं तर तिला चहा पाजून घरी पाठवा.

पण ती गेली की नाही, हे जन्मानंतरच्या सोनोग्राफीशिवाय कळत नाही. आपली लेकरं सुटतात ती इथेच. बाळ दूध पितं, गुटगुटीत दिसतं, मग कशाला खर्च? वस्तीत फिरताना आम्ही हेच ऐकतो. लघवीची वाट अडलेलं बाळही वरून गुटगुटीत दिसू शकतं. किडनी आतून खराब होत राहते. पहिल्या दोन दिवसांत लघवी कमी असल्याने रुंदी लपते, म्हणून ही सोनोग्राफी साधारण आठवड्यानंतर, महिन्याच्या आत करतात. मुलाच्या दोन्ही किडन्या फुगलेल्या असतील, किंवा लघवीची धार न येता थेंबथेंब होत असेल, तर थांबू नका, लगेच दाखवा.

काही जणी विचारायलाच घाबरतात. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे विचारण्या-सांगण्यावर. किडनीचं, पाण्याचं बिनधास्त विचारा. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात गरोदर मातेच्या आणि आजारी बाळाच्या तपासण्या मोफत आहेत. "बाहेरून करून आणा" म्हणाले तर का, ते विचारा. सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या सोनोग्राफीची तारीख लिहून घ्या आणि आशाताईला दाखवा.