तीन कोटी तासांचा हिशेब

पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवताना कार्बन-१४ ची साक्ष महत्त्वाची ठरली. कालमापनाची ही पद्धत शोधणाऱ्या विलार्ड लिबी यांना १९६० मध्ये नोबेल मिळाले. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे असते. ते इतके दीर्घ का, हे कोडे मात्र नंतरही कायम होते. अशाच प्रकारे क्षय पावणारी बहुतेक हलकी अणुकेंद्रे दिवसभरही टिकत नाहीत.

या केंद्रात ६ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन असतात. प्रत्येक कणाचा इतर तेरा कणांशी एकाच वेळी संबंध येतो, त्यामुळे कागद-पेन्सिलीने हे गणित सुटत नाही. शिवाय दोघांमधले बोलणे तिसरा आला की बदलते, तसे दोन कणांमधले बल तिसऱ्याच्या सान्निध्यात बदलते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेच्या ‘जॅग्वार’ महासंगणकावर हे त्रिकण बल धरून गणना झाली. तिला प्रोसेसरचे सुमारे तीन कोटी तास लागले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गणनेनुसार, त्रिकण बलामुळे क्षयाला चालना देणारे परिणाम एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. म्हणून क्षय रेंगाळतो.

‘कारण कळण्याआधीही कालमापन होत होतेच, मग एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण ताऱ्यांच्या गाभ्यातील किंवा न्यूट्रॉन ताऱ्यातील द्रव्याचे वर्तन प्रयोगशाळेत सहज मोजता येत नाही. तिथे गणनेवरच भिस्त असते, आणि ती विश्वासार्ह आहे की नाही, हे कार्बन-१४ सारख्या मोजून झालेल्या उदाहरणांवरच तपासावे लागते.

भारतात २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ महासंगणक कार्यान्वित झाले. उद्घाटनाच्या बातम्या झाल्या. आता खरा प्रश्न या यंत्रांचे तास कोणाला मिळणार, हा आहे. तत्काळ उपयोग न दाखवता येणाऱ्या मूलभूत प्रश्नांसाठी त्यातला ठरावीक वाटा राखून ठेवला पाहिजे. अशा गणनांचे प्रोग्राम लिहायला आणि पारखायला अनेक वर्षे लागतात. ते काम करणाऱ्या तरुणांना दोन-तीन वर्षांच्या कंत्राटावर ठेवून भागणार नाही. यंत्र काही वर्षांत जुने होते, तयार झालेली माणसे मात्र पुढच्या यंत्रावरही काम करतात.