जुन्या बाटल्यांची रडगाणी



तिकिटं जमवणारे, नाणी जमवणारे, काडेपेटीचे छाप जमवणारे तुमच्यात पुष्कळ असतील. पण रिकाम्या बाटल्या जमवणारं कुणी आहे? हसू नका हं! इंग्लंड-अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या काचेच्या बाटल्या जमवण्याचा छंद कितीतरी लोकांना आहे. औषधाच्या, शाईच्या, सोड्याच्या बाटल्या ते कपाटात हौसेनं मांडून ठेवतात. आणि असे चार हौशी एकत्र जमले की तक्रारींची रडगाणी सुरू! ती आज आपण ऐकू या. तुमचा छंद शंख-शिंपल्यांचा असो नाहीतर नाण्यांचा, त्यातलं शेवटचं रडगाणं तुमच्याही कामाचं आहे.

पहिलं रडगाणं : धड बाटलीच मिळत नाही!

बाटली म्हणजे आतला माल संपला की टाकून द्यायची वस्तू. ती जपून कोण ठेवणार? त्यातून गोटी सोड्याच्या बाटलीची तर गंमतच झाली. ही बाटली इंग्लंडच्या हायरम कॉड यांची. १८७२ सालचं त्यांचं पेटंट. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची चकती. बाटली उलटी धरून भरायची, म्हणजे गोटी तोंडाशी येते आणि आतला वायू तिला चकतीवर घट्ट दाबून धरतो. बूच नको की झाकण नको! गोटी आत ढकलली की फस्स आवाज होऊन सोडा तयार. आपल्याकडेही ही बाटली आली आणि आजही काही ठिकाणी दिसते.

पण तिकडच्या पोरांना सोड्यापेक्षा गोटीच जास्त प्यारी! रिकामी बाटली दिसली की आपट दगडावर, गोटी खिशात. अशा किती बाटल्या फुटल्या त्याची गणतीच नाही. म्हणून आज संग्राहक अख्ख्या बाटलीसाठी वणवण फिरतो. (तुमच्या आजोबांनी लहानपणी हाच उद्योग केला होता का, ते हळूच विचारून बघा!)

दुसरं रडगाणं : घासून घासून हात दुखले, पण डाग जात नाही!

जमिनीत वर्षानुवर्षं पडलेली बाटली पांढुरकी, धुरकट दिसते. कधी तिच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंगही चमकतात. माणूस साबण लावतो, लिंबू चोळतो, बाटली तश्शीच. कारण तो मळ नसतोच मुळी. काच तयार होते वाळू, सोडा आणि चुना यांच्यापासून. ओल्या जमिनीतलं पाणी काचेतला सोडा हळूहळू ओढून घेतं आणि वरचा थर खराब होतो. इंग्रजीत अशा काचेला चक्क ‘आजारी काच’ म्हणतात. काही लोक यंत्रात घालून तिला चकाकी आणतात, पण तेव्हा वरची काचच थोडी झिजते. मग बाटलीवरची उठावाची अक्षरंही पुसट होतात. चकाकी आली, पण नाव गेलं!

तिसरं रडगाणं : फसलो हो फसलो!

वाळूत थोडं लोखंड असतं, त्यामुळे काचेला हिरवट झाक येते. ती घालवण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखानदार काचेत मँगनीज मिसळत. अशी पांढरी बाटली वर्षानुवर्षं उन्हात पडली की फिकट जांभळी होते. लोकांना तो रंग आवडतो हे पाहून काही विक्रेत्यांनी युक्ती काढली. बाटलीवर तीव्र किरणांचा मारा करायचा, की थोड्याच दिवसांत गडद जांभळी बाटली तयार! शिवाय जुन्या बाटल्यांच्या हुबेहूब नकलाही निघाल्या. त्या शोभेसाठी म्हणून केल्या, पण पुढे कुणीतरी ‘जुन्या’ म्हणून विकल्या.

मग अस्सल कशी ओळखायची? एक खूण सांगते. बाटलीच्या अंगावर साच्याच्या जोडाची रेघ असते. पूर्वी बाटलीचं तोंड कारागीर हातानं घडवत, त्यामुळे ती रेघ बहुधा तोंडाच्या खालीच संपते. १९०३ च्या सुमारास अमेरिकेत मायकेल ओवेन्स यांचं आपोआप बाटल्या करणारं यंत्र आलं. यंत्राच्या बाटलीवर रेघ थेट तोंडाच्या काठापर्यंत जाते. एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये बरं का, पण सुरुवात तिथून करावी.

चौथं रडगाणं : ही आली कुठून, कुणालाच ठाऊक नाही!

हे सगळ्यांत मोठं दुःख. फुटक्या बाटलीच्या जागी कधीतरी दुसरी मिळेल, धुरकट बाटली तशीच चालवून घेता येईल. पण एखादी बाटली तीन विक्रेत्यांच्या हातून फिरून आली आणि तिचा कागदी लेबलाचा तुकडाही कुणी धुऊन टाकला, की ती मुकी होते. तिच्यात खोकल्याचं औषध होतं की केसांचं तेल? ती कुठे सापडली? तिच्या शेजारी काय होतं? आता कुणाला विचारणार?

म्हणून मुलांनो, तुमच्या संग्रहातल्या प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवा. कुठे मिळाली, कधी मिळाली, कुणी दिली आणि देताना काय सांगितलं, एवढं लिहा. पाच मिनिटांचं काम, पण ते पुन्हा करता येत नाही. वस्तू देणारे आजी-आजोबा नेहमीच आपल्याजवळ असतात असं नाही ना!

आणि हो, बाटल्यांच्या नादानं उकिरडे किंवा खड्डे उकरायला जाऊ नका. काच कापते, खड्डा ढासळतो. संरक्षित किल्ल्यांवर तर खणायला कायद्यानं बंदी आहे. जुन्या बाटलीत काही उरलेलं असेल तर हुंगायचंही नाही. पूर्वी इंग्लंडमध्ये विषाच्या बाटल्या अंधारातही हाताला कळाव्यात म्हणून त्यांवर मुद्दाम उठावाच्या रेघा काढत. बाटल्यांत विष असायचं, ते उगाच का?

आई-बाबांना एक विनंती. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची जुनी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मुलांना दाखवा. तिची गोष्ट माहीत असेल तर सांगा. बाटली द्यायचीच असेल तर मग द्या, गोष्ट तरी घरात राहील.

या आठवड्याचा उद्योग : घरातली सगळ्यांत जुनी बाटली किंवा बरणी मोठ्या माणसांच्या मदतीनं शोधा. जोडाची रेघ कुठवर जाते ते बघा, बुडाशी काही अक्षरं आहेत का ते वाचा आणि तिची चिठ्ठी लिहून काढा.

भेटू पुढच्या आठवड्यात!