ओझरच्या सुखोईंना आता उशीर परवडणार नाही

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 निवृत्त झाले आणि हवाई दलाच्या लढाऊ स्क्वाड्रनची संख्या 29 वर आली. मंजूर संख्या 42 आहे. तेजसची नवी आवृत्ती अमेरिकी इंजिने वेळेवर न आल्याने रखडली, राफेल मोजून 36 आणि स्वदेशी पाचव्या पिढीचे विमान अजून उडायचे आहे. तेव्हा पुढची दहा-पंधरा वर्षे भार सुखोई-30 एमकेआयवरच राहणार. ही विमाने 2002 मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झाली आणि पुढे नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यात बनू लागली. त्यांतल्या 84 विमानांना नवे रडार, नवे कॉकपिट आणि शत्रूचे रडार गोंधळवणारी नवी यंत्रणा बसवण्याच्या योजनेला संरक्षण खरेदी परिषदेने नोव्हेंबर 2023 मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. खर्च 60 हजार कोटींच्या घरात सांगितला जातो. 2016 मध्ये जवळपास एवढ्याच पैशांत 36 नवी राफेल घेतली होती. त्यामुळे दिल्लीत, निवृत्त हवाई दल अधिकाऱ्यांच्या वसाहती असलेल्या द्वारकेपासून साउथ ब्लॉकपर्यंत, ‘जुन्यावर एवढा पैसा कशाला’ हा वाद आवडीने घातला जातो. माझ्या मते असा खर्च विमानाच्या भर दुपारी केला तर वसूल होतो, दिवस कलल्यावर केला तर बुडतो. सुखोईची दुपार सरत आली आहे.

पुरावा ओझरच्याच कारखान्यात आहे. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, 1964 मध्ये, तो मिगसाठी उभा राहिला आणि तिथेच पुढे सव्वाशे मिग-21 विमानांचे ‘बायसन’ झाले. सांगाडा तोच, पण आत नवे रशियन रडार आले, दृष्टीच्या पलीकडे मारा करणारे क्षेपणास्त्र आले आणि वैमानिकाला हेल्मेटवरची नेमदर्शक यंत्रणा मिळाली. जवळच्या झुंजीत शत्रूच्या मागे नाक वळवण्यात जे सेकंद जातात, ते या हेल्मेटने वाचतात. वैमानिक मान वळवून पाहतो त्या दिशेला क्षेपणास्त्राचा वेधक वळतो. 2004 मध्ये ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात अमेरिकी एफ-15 च्या वैमानिकांनी या लहानशा विमानाची दखल घेतली होती. सरावाचे नियम त्यांना जाचक होते हे खरे, तरी तोवर मिग-21 कडे कोणी गांभीर्याने पाहतही नव्हते. पुढे बदली विमाने आली नाहीत म्हणून बायसन 2025 पर्यंत ताणले गेले, पण तो दोष नियोजनाचा होता.

उलट उदाहरण जग्वारचे. 1979 पासून सेवेत असलेल्या या विमानांपैकी काहींना आधुनिक इस्रायली रडार मिळाले. इंजिन मात्र जुने ॲडोरच राहिले. पूर्ण भार घेऊन उकाड्यात उडताना ते कमी पडते, ही तक्रार जुनी आहे. हनीवेलचे नवे इंजिन बसवायची योजना वर्षानुवर्षे चर्चेत राहिली, किंमत फुगत गेली आणि 2019 मध्ये हवाई दलाने ती सोडून दिली. कारण साधे होते. एवढा खर्च करून इंजिने बसेपर्यंत विमानांची थोडीच वर्षे उरणार होती.

यावर कोणी विचारेल, सुखोईतही इंजिन जुन्याच प्रकारचे राहणार, मग तोच प्रकार पुन्हा होणार नाही का? 2024 मध्ये एचएएलला दिलेली 26 हजार कोटींची मागणी त्याच एएल-31एफपी जातीच्या 240 इंजिनांची आहे, ती ओडिशात कोरापुटला बनतील. पण जग्वार ताकदीतच कमी होता, सुखोईला ताकदीची वाण कधीच नव्हती. त्याची अडचण नजरेची आहे. त्याचे ‘बार्स’ रडार विसाव्या शतकातल्या कल्पनेवरचे आहे. नव्या एसा रडारमध्ये शेकडो छोटे प्रक्षेपक एकेकटे काम करतात. काही बंद पडले तरी रडार चालते आणि शत्रूला ते जॅम करणे अवघड जाते. रशियन इंजिनांवरचे अवलंबित्व याने सुटत नाही, हे मात्र मान्य करावे लागेल.

दुसरी शंका नवे रडार बनवणाऱ्या डीआरडीओच्या वेळापत्रकाची, आणि ती रास्त आहे. तयार परदेशी रडार बहुधा लवकर मिळेल. पण ब्रह्मोसचा अनुभव आठवावा. अडीच टनांचे ते क्षेपणास्त्र सुखोईखाली बसवण्यासाठी विमानातले फेरबदल एचएएलने केले, सॉफ्टवेअर हवाई दलाच्या अभियंत्यांनी लिहिले. 2016 मध्ये ओझरहून ते घेऊन पहिले उड्डाण झाले, 2017 मध्ये पहिला मारा. रडार आणि संगणक परक्याचे असले की ‘अस्त्र’सारखे स्वदेशी क्षेपणास्त्र जोडायलाही त्याची परवानगी आणि त्याचे बिल दोन्ही लागते. ते टाळण्यासाठी थोडा उशीर सोसावा, पण तो करारात आधीच बांधून.

चीनच्या जे-20 सारख्या रडारला चुकवणाऱ्या विमानापुढे सुधारित सुखोई लपू शकणार नाही, हे खरे. त्याने लपावे अशी अपेक्षाच नाही, दूरवरून जड क्षेपणास्त्रे सोडणे हे त्याचे काम. अमेरिकेनेही 1970 च्या दशकातल्या एफ-16 ला नवी एसा रडारे बसवली आहेत. आपल्याकडे तत्त्वतः मान्यता आणि प्रत्यक्ष करार यांच्यात वर्षे जातात. ओझरला दरवर्षी किती विमाने आत घ्यायची आणि किती बाहेर काढायची, याचा बंधनकारक आकडा करारात हवा. पहिल्या खेपेची विमाने वीस वर्षांपेक्षा जुनी झाली आहेत. त्यामुळे 84 पैकी कोणती विमाने निवडायची, हे वयाच्या यादीवरून ठरू नये. ज्यांच्या सांगाड्याचे सर्वाधिक उड्डाण-तास उरले आहेत, ती आधी घ्यावीत.