खेळातले कुटुंब

दिवाळीच्या किल्ल्यावर कोणता मावळा कुठे उभा करायचा, हे मूलच ठरवते. ‘माझे कुटुंब’ दाखवणाऱ्या लाकडी कोड्यात मात्र आई, बाबा, मुलगा, मुलगी यांच्या जागा आधीच कोरलेल्या असतात. शैक्षणिक म्हणवणारे खेळणे जगाची ओळख करून देण्याचा दावा करते, आणि त्या जगात दोन आया किंवा दोन बाबा असलेली घरेही आहेत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. अविवाहित जोडप्यांना एकत्रितपणे मूल दत्तक घेण्याची मुभाही ३ विरुद्ध २ मतांनी नाकारली गेली. एकट्या व्यक्तीला मात्र दत्तक घेता येते. म्हणजे कागदावर एक पालक आणि घरात दोन, असे बालपण आपल्याकडेही शक्य आहे. कायद्याने ते मानले नाही म्हणून मुलाच्या खेळातूनही ते वगळावे काय?

‘एवढ्या लहान वयात हे कशाला?’ असे विचारले जाईल. ब्रिटनमध्ये हीच धास्ती कायदा होऊन बसली. बाबा आणि त्याच्या जोडीदारासोबत राहणाऱ्या जेनीचे डॅनिश चित्रपुस्तक वादात सापडले आणि १९८८ मध्ये स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रचार’ करण्यास मनाई करणारे ‘कलम २८’ आले. इंग्लंडमध्ये ते २००३ पर्यंत टिकले. पण आई-बाबांची बाहुली-जोडी मुलांना शरीरसंबंध शिकवत नाही, तशी दोन आयांचीही शिकवत नाही. घरी कोण कोण असते, एवढेच ती सांगते. मुलांच्या हिताची काळजी रास्तच आहे. मात्र केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञ सुझन गोलोम्बॉक यांच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की कुटुंबाच्या रचनेपेक्षा त्यातल्या नात्यांचा कस मोलाचा ठरतो.

‘हा कंपन्यांचा बाजार आहे’ या आक्षेपात तथ्य आहे. लेगोने २०२१ मध्ये ‘एव्हरीवन इज ऑसम’ हा ३४६ तुकड्यांचा इंद्रधनुषी संच काढला. त्यात प्रत्येकी एका रंगाच्या ११ आकृत्या होत्या, कुटुंब नव्हते, आणि वयोगट होता १८ वर्षांपुढचा! मुलांना असा शोभेचा संच नको, सुट्या बाहुल्या हव्यात. आजीकडे वाढणाऱ्या किंवा एकट्या बाबाच्या मुलालाही त्यातून आपले घर मांडता येईल. मग दोन आया वेगळ्या दाखवायच्या कशाला? कारण काय मांडणे ‘बरोबर’, हे मूल खोक्यावरच्या चित्रावरून ओळखते. तिथे नेहमीच्या चित्रांशेजारी दोन आयांचेही एक चित्र असावे. त्याने कोणाच्याही आई-बाबांची जागा जात नाही.