आधीं नोंद, मग उभारणी

आषाढांत श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा नदी ओलांडते, तेव्हां पादुकांस नीरास्नान घडतें. मग लोणंद, तरडगांव करीत ती फलटणास येते. वाटेनें जागोजाग उसाचे हिरवेगार फड दिसतात. ही हिरवळ कालव्यांची देणगी होय, यांत शंका नाहीं. परंतु याच नदीच्या खोऱ्यांत शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं एक धडा मिळालेला आहे. तो आमच्या सुविद्य वाचकांनीं घरांत सर्वांस एकदां वाचून दाखवावा, या हेतूनें या महिन्यांत हा विषय घेतला आहे.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर सरकारनें नीरेचा डावा कालवा काढला व १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी बारामतीकडील रानांत खेळूं लागलें. हेतु दुष्काळनिवारणाचा होता. पुढें शेतकरी उसाकडे वळले, कारण उसांत पैसा अधिक. खोल काळ्या जमिनींत पाणी मुरत गेलें, त्यास निचरा मिळेना, आणि भूगर्भांतील पाणी वर वर चढूं लागलें. जुन्या माठाच्या बाहेरच्या अंगास पांढरी खार धरते, हें घरांतील प्रत्येकीनें पाहिलें आहे. पाणी झिरपून उडून जातें, क्षार तेवढे मागें राहतात. जमिनीचेंही तसेंच झालें. चांगलीं रानें खारावून पडलीं. १९१० सालीं डॉ. हॅरोल्ड मॅन व श्री. ताम्हणे यांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली. १९१६ सालीं मुंबई सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या अशा प्रश्नांसाठीं खास शाखा काढली. तीच वाढत जाऊन आजची खडकवासल्याची संशोधनसंस्था झाली. म्हणजे कालवा आधीं, आणि अभ्यास पंचवीस वर्षांनीं! फलटणाकडे पाणी आणणारा उजवा कालवा त्यानंतरचा. इकडेही उसाचें राज्य झालें. साखरवाडी हें गांवाचें नांवच त्याची साक्ष देतें.

हा क्रम फिरवून अभ्यास आधीं व काम मागून करावें, यालाच आज पर्यावरणीय परिणामांचें मूल्यांकन म्हणतात. अमेरिकेनें तें १९६९ च्या कायद्यानें आरंभिलें. आपल्याकडे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं २७ जानेवारी १९९४ रोजीं तें सक्तीचें झालें, व १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनें त्यास नवें रूप आलें. दिवसास पांच हजार टन वा अधिक ऊस गाळणारा कारखाना तींत येतो. ज्या कामास जनसुनावणी लागते, तिची सूचना तीस दिवस आधीं वर्तमानपत्रांत द्यावी लागते. अहवालाचा सारांश मराठींतही ठेवावा लागतो. आणि सुनावणीस जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात.

व्यवस्था कागदावर चांगली आहे. उणीव कोठें, तेंही सांगितलें पाहिजे. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागारास पैसे प्रकल्पवालाच देतो. विहिरींचे व हवेचे नमुने बहुधा एकाच ऋतूंत, आणि तोही पावसाळा वगळून, घेतले जातात. शिवाय सुनावणीस गणसंख्येची अट नाहीं. चार माणसें आलीं तरी ती पुरी होते.

येथें आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. नीरेच्या खोऱ्यांत आमची समाईक जमीन आहे. थोरले काका गांवीं राहत, बाकीचे आम्ही सर्व पुण्यामुंबईस. जवळच एक मोठा उद्योग यावयाचा होता. सुनावणीची सूचना छापून आली, ती आमच्या हातांतून गेलीही, आणि फडताळांत कागद म्हणून घातली गेली. सुनावणीस आमच्यांतून कोणीही गेलें नाहीं. कांहीं वर्षांनीं काकू म्हणूं लागल्या कीं, विहिरीचें पाणी पूर्वींसारखें राहिलें नाहीं, डाळ शिजत नाहीं. तेव्हां अहवाल मिळवून पाहिला. त्यांत आमच्या विहिरीचें नांवही नव्हतें. तक्रार करावी, तर पहिला प्रश्न आला, “पूर्वींचें पाणी कसें होतें, याचा पुरावा काय?” पुरावा एकच, काकूंची जीभ. ती कोणत्या कचेरींत मान्य व्हावी? दोष उद्योगाचा कीं उसाच्या खतपाण्याचा, हें आज आम्हांस छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं. सांगतां येत नाहीं, हेंच खरें नुकसान.

म्हणून आमची वाचकांस विनंती इतकीच. ज्यांचें गांवीं शेत वा विहीर असेल, त्यांनीं घरच्या जमाखर्चाच्या वहींत एक पान राखावें. चैत्रांत व दसऱ्यास विहिरीचें पाणी किती हात खालीं आहे, रंग, वास, चव कशी आहे, हें तारीखवार लिहावें. वर्षांतून एकदां पाण्याची व मातीची प्रयोगशाळेंत तपासणी करवून तो कागद त्या पानास चिकटवावा. हें काम घरांतील सुनालेकींकडे द्यावें. विहिरीची खरी ओळख त्यांचीच असते. आणि सुनावणीची सूचना दिसतांच मराठी सारांश मागवून, आपली विहीर त्यांत आहे कीं नाहीं हें पाहावें. नसेल तर वही घेऊन एकानें तरी जावें, आणि आपलें म्हणणें इतिवृत्तांत लिहवून घ्यावें.

काकू आतां थकल्या आहेत. परंतु गेल्या दसऱ्यापासून आमच्या वहींत पहिलें पान त्यांच्याच अक्षरांत सुरू झालें आहे.