डीव्हीडी सडतेय! ‘तेवढ्याच किमतीचा दुसरा सिनेमा’ चालेल का?

२०२५ च्या मार्चमध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या होम व्हिडिओ विभागाने एक गोष्ट मान्य केली. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी खराब होत आहेत. अमेरिकेतले संग्राहक आपापल्या डिस्क ताडून पाहून हेच सांगत होते. कंपनीचं म्हणणं थोडक्यात असं: शक्य असेल तिथे तोच सिनेमा बदलून देतो. पण काही सिनेमे आता छापले जात नाहीत, काहींचे हक्क संपलेत. तिथे तेवढ्याच किमतीचा दुसरा सिनेमा घ्या.

चार्जर बिघडला तर तेवढ्याच किमतीचा दुसरा चार्जर चालतो. सिनेमाचं तसं असतं का?

‘डीव्हीडी वापरतंय कोण आता?’ असं तुम्ही म्हणाल. माझ्या लॅपटॉपलाही डिस्क ड्राइव्ह नाही. तरीही या बातमीत फक्त जुन्या डिस्कची गोष्ट नाही. आपण विकत घेतलेली डिजिटल वस्तू टिकते कशामुळे, हा खरा प्रश्न आहे. तो समजायला सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे फिल्म न्वार गोळा करणारे लोक.

फिल्म न्वार म्हणजे?

१९४० आणि ५० च्या दशकांतले अमेरिकन गुन्हेगारी सिनेमे. कृष्णधवल चित्र, रात्रीचे ओले रस्ते, खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या, आणि लोभापायी किंवा प्रेमापायी खड्ड्यात जाणारा नायक. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४) आणि ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) ही त्यातली मोठी नावं. ‘न्वार’ म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. हे नाव अमेरिकेत नाही, फ्रान्समध्ये पडलं. १९४६ मध्ये नीनो फ्रँक या समीक्षकाने ते वापरलं. मुंबईत बनलेल्या ‘बाज़ी’ (१९५१) आणि ‘सी.आय.डी.’ (१९५६) यांच्यावरही या सिनेमांची सावली स्पष्ट दिसते.

यातले बरेच सिनेमे कमी पैशांत, झटपट बनले होते. स्टुडिओंनीही ते फारसे जपले नाहीत. डीव्हीडी आल्यावर हे चित्र बदललं. वॉर्नरने २००४ पासून ‘फिल्म न्वार क्लासिक कलेक्शन’ नावाचे संच काढले. २००६ च्या तिसऱ्या संचात ५ सिनेमे होते, २००७ च्या चौथ्यात १०. अनेकांनी हे सिनेमे पहिल्यांदा नीट पाहिले ते या संचांमुळेच.

आता वर्षं पुन्हा बघा. २००६ आणि २००७, म्हणजे बरोबर तोच काळ. या संचांमधली प्रत्येक डिस्क सडेलच असं नाही. पण ज्यांच्या कपाटात हे संच आहेत, त्यांना प्रत्येक डिस्क तपासून बघणं आलं.

डिस्क सडते म्हणजे नेमकं काय होतं?

डीव्हीडी ही एक चकती वाटते, पण प्रत्यक्षात त्या दोन असतात. प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेल्या असतात. आत धातूचा अतिशय पातळ थर असतो. माहिती बारीक खड्ड्यांच्या रूपात असते आणि लेझरचा उजेड त्या चकचकीत थरावरून परत येतो, तेव्हाच ती वाचता येते.

चिकटवण्यात खोट राहिली किंवा कडेने हवा-दमट शिरली, की धातू गंजतो, थर सुटतात. उजेड परत येत नाही. डेटा गेला. वरून ओरखडा नाही, डाग नाही, डिस्क दिसायला नवी कोरी.

गंमत म्हणजे सुरुवातीला काही कळतच नाही. यूपीआयचा क्यूआर कोड एका कोपऱ्यात फाटला तरी स्कॅन होतो ना? कारण त्यात जास्तीची माहिती भरलेली असते आणि तिच्यावरून हरवलेला भाग गणिताने परत काढता येतो. या पद्धतीला रीड-सॉलोमन म्हणतात. डीव्हीडीतही तीच पद्धत आहे. त्यामुळे थोडी सड झाकली जाते. सड मर्यादेपलीकडे गेली, की मात्र चित्र एकदम चौकोन चौकोन होऊन अडकतं.

आणखी एक मेख आहे. दोन थरांच्या डिस्कवर पहिला थर साधारणपणे आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बाहेरून आत. म्हणून कडेला सड असेल, तर सुरुवात झकास चालते आणि सिनेमा मध्यावर आल्यावर अडकतो. पहिली दहा मिनिटं बघून ‘चालतेय की’ म्हणणाऱ्याची तपासणी अर्धवट राहते.

मग प्रत काढून का ठेवत नाहीत? बहुतेक व्यावसायिक डीव्हीडींवर कॉपी-कुलूप असतं आणि अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए कायद्याने ते तोडायला मनाई आहे. म्हणजे डिस्क तुमची, ती सडतेय हेही दिसतंय, पण तिचा बॅकअप घेणं कायद्यात बसत नाही.

स्ट्रीमिंग आहे की!

आहे, पण दोन अडचणी आहेत.

पहिली चित्राची. न्वारचं सगळं सौंदर्य काळोखात आहे. ‘द बिग कॉम्बो’ (१९५५) चा छायाचित्रकार जॉन ऑल्टन अर्धा पडदा अंधारात ठेवायचा, आणि त्या अंधारातही छटा असायच्या. नेहमीच्या ८ बिट व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सुमारे २२० पायऱ्या असतात, त्यातल्या मोजक्याच गडद भागाच्या वाट्याला येतात. डेटा वाचवायचा म्हटलं, की कॉम्प्रेशन आधी तिथेच कात्री लावतं, कारण डोळ्याला अंधारातले बारकावे कमी जाणवतात. मग धुक्यातल्या रस्त्याच्या जागी पट्टे दिसतात. फुल एचडी स्ट्रीमिंगसाठी नेटफ्लिक्स ५ एमबीपीएस वेग पुरेसा मानतं. ब्लू-रेवर व्हिडिओला ४० एमबीपीएसपर्यंत जागा आहे. क्रिकेटची मॅच बघताना हा फरक कदाचित लक्षात येणार नाही. न्वारमध्ये येतो.

दुसरी अडचण मालकीची. ॲपवर ‘बाय’ दाबून घेतलेला सिनेमा ही बहुतेक वेळा बघण्याची परवानगी असते. कंपनीचे हक्क संपले, की ती जाऊ शकते. म्हणूनच कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला: ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल, तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने ‘बाय’ हा शब्द वापरायचा नाही. सिनेमा जाण्याचा धोका या कायद्याने टळला नाही, फक्त तो लेबलवर आला.

दुसरीकडे डिस्कचं दुकानही आवरतंय. नेटफ्लिक्सची डीव्हीडी पाठवण्याची सेवा २५ वर्षांनी, २९ सप्टेंबर २०२३ ला बंद झाली. बेस्ट बाय या मोठ्या अमेरिकन साखळीने २०२४ मध्ये सिनेमाच्या डिस्क विकणं थांबवलं. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं बंद केलं. तरी क्रायटेरियन, किनो लॉर्बर, फ्लिकर ॲली यांसारख्या छोट्या कंपन्या जुने न्वार सिनेमे दुरुस्त करून काढतच आहेत. गिऱ्हाईक थोडं आहे, पण पक्कं आहे.

सिनेमा वाचतो कशामुळे?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा बॅकअपचा नियम आहे, ३-२-१: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. न्वारचा इतिहास या नियमाचा पुरावाच आहे.

‘वूमन ऑन द रन’ (१९५०) ची अमेरिकेतली प्रिंट १ जून २००८ च्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत जळाली. सिनेमा संपला असंच वाटलं. पण ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे त्याचं दुसरं साहित्य निघालं. एडी मुलरच्या फिल्म न्वार फाउंडेशनने त्यावरून दुरुस्ती करून घेतली आणि २०१६ मध्ये ब्लू-रे आली.

‘डीटूर’ (१९४५) चं उलट. त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरणच झालं नाही, त्यामुळे कुणीही छापावा अशी स्थिती. प्रती ढिगाने, पण बहुतेक धूसर आणि तुटक. त्याची नीट दुरुस्ती २०१८ मध्ये झाली, आणि त्यासाठी कामाला आली बेल्जियमच्या संग्रहातली एक प्रिंट.

दोन्ही वेळा वाचवणारी प्रत मूळ मालकाकडे नव्हती, ती दूर कुणाकडे तरी पडून होती. पुण्यात ८ जानेवारी २००३ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, त्या कायमच्या गेल्या.

म्हणून माझं मत असं: डिस्क चांगली की स्ट्रीमिंग, हा वादच चुकीच्या जागी चाललाय. डिस्क सडते, सर्व्हर बंद होतो, गोदाम जळतं. अनेकांकडे प्रती असणं आणि त्या कुणीतरी अधूनमधून लावून बघणं, एवढंच टिकतं. वॉर्नरच्या डिस्कची खोट उघड झाली ती संग्राहकांनी वीस वर्षं जुन्या डिस्क पुन्हा लावल्या आणि एकमेकांना विचारलं म्हणून. त्यांनी सर्व्हरवरचं डेटा तपासणीचं काम हाताने केलं.

तुम्ही काय करू शकता?

जुनी डिस्क घेणार असाल, तर मधला आणि शेवटचा भाग चालवून बघा. परदेशातून मागवताना रीजन तपासा: डीव्हीडीत अमेरिका रीजन १ आणि भारत ५, ब्लू-रेत अमेरिका ए आणि भारत सी. ४के यूएचडी डिस्कला ही भानगड नसते.

आणि एक काम याच रविवारी करा. घरातल्या कपाटात आईबाबांच्या लग्नाची, तुमच्या बारशाची सीडी असेल. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या डिस्कमध्ये खड्ड्यांऐवजी रासायनिक रंगाचा थर असतो, तो आणखी नाजूक. त्यावर कॉपी-कुलूप नाही, हक्काचा वाद नाही. एखादा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणा आणि तीन प्रती करा: एक लॅपटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक मामा-मावशीकडे. ती डिस्क सडली, तर तेवढ्याच किमतीचं दुसरं लग्न कुणी बदलून देणार नाही.